राठोडसाहेब आणि बटणांचा फोन

नेमसिंग राठोड यांना कोणी नावानं हाक मारलेली खपत नसे. वारंगा फाट्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बहुधा म्हणूनच सगळे त्यांना नावानं हाक मारत.

आता माणूस काही साधासुधा नव्हता. फाट्यावरच्या हळद उत्पादक संस्थेचा व्यवस्थापक होता. केबिनच्या दारावर हौसेनं करून घेतलेली पितळी पाटी होती, 'श्री. एन. बी. राठोड, व्यवस्थापक'. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लिहिणारं. डोंगरकड्याजवळच्या तांड्यातून शिकून आलेले, कारकून म्हणून चिकटलेले, आणि वरच्यांच्या निरोप समारंभाचे हार आणता आणता एकदाचे त्या केबिनमध्ये पोहोचलेले. एवढं झाल्यावर लोकांनी आपल्याला 'राठोडसाहेब' म्हणावं असं वाटणारच की! पण फाट्यावरचा माणूस पाटी वाचत बसत नाही. तो ट्रकच्या भोंग्याच्या वर आवाज चढवतो आणि ओरडतो, "ओऽ नेमसिंगभाऊ! जरा हिकडं या बरं!"

आणि साहेब उठून जात. खरी गोम इथं होती.

केबिन म्हणजे खाली प्लायवूड, वर काच आणि त्याच्याही वर छतापर्यंत मोकळी फट. पंख्याची हवा आत यावी म्हणून ती फट सोडलेली. हवा आजतागायत आली नाही, हाका तेवढ्या आल्या. गोदामातून अफरोज ओरडे, हिशोबाच्या टेबलावरून सुदाम ओरडे, कॉम्प्युटरवरून दिपा ओरडे. आत एक फिरती खुर्ची होती. तिच्यावर बसून एक गिरकी घ्यावी म्हटलं तर निम्म्या गिरकीत हाक येई.

संस्थेचे चेअरमन जळबाराव. बोलणं कमी, पाहणं फार, आणि तेही नेमकं नको तिथं. एक दिवस त्यांनी केबिनमधली रिकामी खुर्ची पाहिली, मग व्हरांड्यात उन्हात पडलेल्या हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्या पाहिल्या, आणि त्यांना कल्पना सुचली. चेअरमनला कल्पना सुचली की बाकीचे घाईघाईनं वह्यांत डोकं घालतात, ही सगळ्याच संस्थांची रीत आहे.

"नेमसिंग, तुमी तर दिसभर बाहीरच असता. मंग ही केबिन कोणासाठी हाय? खुर्चीसाठी?"

"आण्णा, लोकं हाका मारतेत म्हणून जावं लागतं."

"तेच तर म्हणून राहिलो. बाहीर टेबल टाकू तुमचं. हाक मारणाऱ्यालाबी सोपं, जाणाऱ्यालाबी सोपं. केबिनमंदी नमुने ठिवू."

राठोडसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. केबिन गेली तर राहिलं काय? तांड्यावर कुठल्याही लग्नात त्यांची ओळख 'हे केबिनमंदी बसतेत' एवढ्याच शब्दांत करून दिली जाई. सोयरे फाट्यावर उतरले की मुद्दाम वाकडी वाट करून काचेला नाक लावून बघून जात. त्या काचेमागं उद्या हळद बसणार? घाबरलेला माणूस जे पहिलं सुचेल ते बोलतो, तसं साहेब बोलून गेले. "आण्णा, आपण की-टेलिफोन बसवू!"

हा फोन त्यांनी नांदेडात एका मोठ्या ऑफिसात पाहिला होता. फोनवर बटणांची रांग, प्रत्येक बटणाशेजारी इवलासा लाल दिवा. तिथल्या साहेबानं एक बटण दाबलं, हळूच म्हणाला, "जरा ती फाइल," आणि फाइल आली! ना आरडा, ना ओरडा. माणूस जागचा हलला नाही. राठोडसाहेबांना त्या रात्री घास गोड लागला नव्हता.

जळबारावांनी सगळं ऐकून घेतलं. "बसवा," ते म्हणाले. "पण माझी एक अट हाय. वार्षिक सभेच्या दिवशी मी सकाळीच येऊन तुमच्यापुढं बसतो. सभा सुरू व्हईस्तोवर तुमी खुर्चीवरून उठला न्हाईत, तर केबिन तुमची. उठलात, तर नमुन्यायची. मंजूर?"

साहेबांनी मंजूर म्हटलं. नाही म्हणून सांगतात कोणाला!

बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. सल्ला द्यायला आपल्याकडं त्या विषयातलं काही कळावं लागत नाही, उलट कळलं की माणूस जरा अडखळतो. समोरच्या टपरीवरचा जमील चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाला, "भाऊ, मोबाइल तर समद्यायच्या खिशात हाय. ही फुकटची तकलीफ काहून?" मोबाइल! मोबाइल काय, रस्त्यानं मेंढरं घेऊन जाणाऱ्याच्याही खिशात असतो. साहेबाचं साहेबपण मोबाइलनं दिसतं होय? पण हे जमीलला कोण समजावणार. सुदाम म्हणाला, शाळेसारखी घंटा टांगा. दिपा म्हणाली, "सर, वरची फट बुजवा ना, हाकच ऐकू येणार न्हाई." हा सल्ला बिनखर्ची, सोपा आणि अगदी बरोबर होता, म्हणून तो कोणी मनावर घेतला नाही.

घरी जिवनबाईंनी भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "तुमी ऑफिसात उठून जाता व्हय? घरी तर कधी उठलेलं पायलं न्हाई."

आधी बाहेरची लाइन हवी होती. संस्थेची जुनी लाइन रस्ता चौपदरी करताना जेसीबीनं उपटून नेली होती, साहेबांच्या डोळ्यांदेखत. ते टेलिफोन ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं, "तुमची लाइन चालू आहे."

"अहो, वायरच न्हाई जागेवर!"

"वायरचं आमच्याकडं दिसत नाही. लाइन चालू दिसते. बंद असेल तर त्याच नंबरवरून तक्रार नोंदवा."

"त्या नंबरवरून? बंद फोनवरून?"

"मग लाइन काढून टाकायचा अर्ज द्या. तो मिळाला की खात्री करायला आम्ही तुम्हाला त्याच नंबरवर फोन करू. उचलला नाही तर अर्ज रद्द."

साहेब बाहेर येऊन पायरीवर बसून राहिले. त्या ऑफिसात मात्र कोणीही खुर्चीवरून उठत नव्हतं, हे त्यांनी नीट पाहून ठेवलं आणि त्याही अवस्थेत त्यांना त्या लोकांचा हेवा वाटला. शेवटी एक दिवस तिथलाच लाइनमन आपल्या घरच्या हळदीचा भाव विचारायला संस्थेत आला. साहेबांनी त्याला चहावर चहा पाजून जाऊच दिलं नाही. लाइन चालू झाली. कागदावर ती चालूच होती, त्यामुळं टेलिफोन ऑफिसाला यातलं काही कळलं नाही.

मग आला अय्याज. हा लग्नाच्या मांडवाला रोषणाई करी, जळालेल्या मोटारी भरून देई, दुकानांत कॅमेरे लावी. येत असलेल्या कामाला तो 'बघतो' म्हणे, न येणाऱ्याला लगेच 'हो' म्हणे.

"सायब, टेन्शन घेऊ नका. बराबर करून देतो. अशी फिटिंग करतो का जिंदगीभर माझं नाव घ्याल."

यातलं नाव घेण्याचं तेवढं खरं झालं.

मशिन त्यानं बंद पडलेल्या कुठल्याशा लॉजवरून आणलं होतं. फोनच्या बटणांवर 'रिसेप्शन', 'रूम सर्व्हिस' आणि 'लॉन्ड्री' असं छापलेलं. खरवडून पाहिलं, निघेना. मग ठरलं की गोदाम म्हणजे लॉन्ड्री, हिशोब म्हणजे रूम सर्व्हिस आणि दिपा म्हणजे रिसेप्शन. बाहेरून कोणी फोन केला आणि त्याला थांबवून ठेवलं की आतून एक गोड बाई बोले, "आपलं स्वागत आहे. रात्रीच्या जेवणाची ऑर्डर आधी द्यावी." सेनगावचा एक हळदवाला तर भाव विचारायला फोन करून वांग्याची भाजी आणि चार भाकरी सांगून बसला. तो अजून विचारतो.

ज्या डब्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात, ते मुख्य यंत्र कुठं बसवायचं हा प्रश्न आला. अय्याज म्हणाला, व्हरांड्यात बसवू. साहेब ताठ झाले. मुख्य यंत्र मुख्य माणसाजवळ पाहिजे! केबिनमागच्या भिंतीतच पाहिजे! आणि पक्कं पाहिजे, उद्या कोणी उचलून नेईल. मग अय्याजनं भिंत फोडली, डबा आत घातला, सळया आडव्या टाकल्या आणि सिमेंटनं असा लिंपला की बास. "आता जमीन गुरगुरली तरी हालत न्हाई," तो हात झटकत म्हणाला. आमच्या जिल्ह्यात भूकंपाचे बारके धक्के बसून जमीन अधूनमधून गुरगुरते, त्यामुळं ही हमी साहेबांना फार आवडली. या गडबडीत ड्रिलचा धक्का लागून केबिनच्या काचेला आडवा तडा गेला. बाहेरून पाहिलं की तो नेमका खुर्चीवरच्या साहेबांच्या तोंडावरून जाई.

वायरी उलट्यासुलट्या लागल्या होत्या हे पहिल्याच दिवशी कळलं. रूम सर्व्हिस दाबलं की दिपाकडं वाजे, रिसेप्शन दाबलं की सुदामकडं. साहेब चिडले. अय्याजनं थोडा विचार केला. भिंतीतून वायरी परत काढायच्या म्हणजे भिंती परत फोडायच्या.

"सायब, वायरी ऱ्हाऊ द्या तशाच. ह्या दोघायची टेबलं बदला."

आणि टेबलं बदलली, बरं का! सुदाम आपल्या वह्यांचा ढिगारा घेऊन खिडकीपाशी गेला आणि दिपा कॉम्प्युटर घेऊन तिजोरीपाशी आली. वायर चुकली म्हणून माणसं हलवणारी संस्था तुम्ही दुसरी कुठं पाहिली असेल तर सांगा.

असो. यंत्र चालू झालं. साहेब खुर्चीवर बसले, पाठ टेकली, डोळे लाल दिव्यांकडं लावले. सगळे दिवे एकदम लुकलुकले. टिर्रऽ अशी एक घंटी वाजली. साहेबांनी घसा साफ करून फोन उचलला, तर बंद.

कोणी केला ते कळेना. दिवे विझलेले. साहेब उठून बाहेर गेले. "कोणी केला होता फोन?"

"मी, सर," दिपा म्हणाली.

"मंग कापला काहून?"

"मिस कॉल दिला. तुमी करा ना वापस."

"अगं, ह्याला पैसे न्हाई लागत!"

"ते ठाव हाय, सर. पर उगंच उचलायचं कशाला?"

हे काही एकट्या दिपाचं दुखणं नव्हतं. आमच्या भागात फोन आधी आला तो मिस कॉल द्यायला, बोलायची सोय मागाहून झाली. पोचलो की एक घंटी, निघालो की एक घंटी, मोटार चालू कर म्हणायला एक घंटी. बोलणं फुकट झालं, पण बोटाची सवय गेली नाही. अफरोज गोदामातून घंटी देई आणि कापे. साहेब उलट फोन लावत, तेव्हा अफरोजला वाटे हाही मिस कॉलच, म्हणून तो घंटी थांबायची वाट बघे आणि मग उठून केबिनकडं निघे. तो उचलत नाही म्हणून साहेब उठून गोदामाकडं निघत. दोघं मधल्या दारात एकमेकांना धडकत आणि तिथंच उभ्यानं कामाचं बोलणं होई. पूर्वी निदान हाक कोणाची ते आवाजावरून कळे. आता साहेबांना घंटी कोणाची हे विचारायला साऱ्या ऑफिसात फिरावं लागे.

साहेबांनी परिपत्रक काढलं. 'कार्यालयीन दूरध्वनीवर मिस कॉल देणे ही अत्यंत मागास व बेजबाबदार सवय असून ती तात्काळ सोडावी.' भाषा बघा! खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तो कागद केबिनच्या दारावर, पितळी पाटीच्या बरोबर खाली लावला.

आणि आता साहेबांची एक गोष्ट सांगायलाच हवी, जी परिपत्रकात नव्हती. साहेबांचा जेवणाचा डबा रोज डोंगरकड्याहून हिरासिंगच्या काळीपिवळीत येई. व्यवस्थापकानं डबा हातात घेऊन ऑफिसात शिरणं बरं दिसत नाही, हा त्यांचा नियम. जिवनबाई डबा जीपमध्ये ठेवत आणि साहेबांच्या मोबाइलवर एक घंटी देत. एकच. घंटी आली की साहेब 'जरा बँकेत जाऊन येतो' असं पुटपुटत उठायचे, रस्ता ओलांडून पलीकडं उभे राहायचे आणि गाडी आली की डबा पिशवीत लपवून आणायचे. हिरासिंग गाडी थांबवे ती नावापुरती. एकदा साहेबांना उशीर झाला, तर डबा थेट हदगावला गेला आणि दुसऱ्या दिवशी आंबून परत आला. तेव्हापासून एक घंटी वाजली की डोक्याला कळायच्या आत साहेबांचे पाय चालू लागत.

सभेचा दिवस उजाडला. साहेबांनी नवा सफारी घातला. उठावं लागू नये म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. जिवनबाईंना बजावलं, "आज डबा नको, सभेत जेवण हाय. मोबाइलबी बंद ठिवणार हाय. लईच काम पडलं तर मोठ्या लाइनवर फोन कर." मोठ्या लाइनचा, म्हणजे ऑफिसच्या फोनचा, नंबर त्यांनी आधीच घरच्या भिंतीवर लिहून दिला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

जळबाराव आले, समोरच्या खुर्चीवर बसले. "चालू द्या," म्हणाले.

आणि काय सांगावं, चाललं की! घंटी वाजली, वाजतच राहिली. साहेबांनी तिसऱ्या घंटीला फोन उचलला, नांदेडच्या साहेबासारखा. पलीकडून सुदाम पढवल्याप्रमाणं हळू आवाजात म्हणाला, "साहेब, हजेरीपटावर सही पाहिजे."

"पाठवा," साहेब म्हणाले.

पाठवा! आयुष्यभर जो शब्द म्हणायचा राहून गेला होता तो म्हणून झाला. काचेबाहेर सभासद जमू लागले होते, तडा चुकवून आत बघत होते. तांड्यावरचा थावरा तर पोरगं खांद्यावर घेऊन दाखवत होता. लॉन्ड्रीमधून अफरोजनं पोत्यांचा आकडा सांगितला. रिसेप्शननं पाहुणे कुठवर आले ते सांगितलं. एकानंही मिस कॉल दिला नाही, एकानंही हाक मारली नाही. जळबारावांचा चेहरा पडत चालला. मांडवात माइकवाल्यानं 'हॅलो, हॅलो' सुरू केलं. सभा सुरू व्हायला आता पाच मिनिटं उरली असतील नसतील.

"जमवलं म्हणायचं, नेमसिंग," जळबाराव नाइलाजानं म्हणाले.

साहेब हसले, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी पहिल्यांदाच सबंध गिरकी घेतली.

टिर्रऽ. एक घंटी वाजली आणि बंद झाली.

"आलोच, जरा बँकेत जाऊन," राठोडसाहेब म्हणाले. उठले, पिशवी घेतली, दार उघडलं, परिपत्रकासमोरून गेले, मांडवातून वाट काढत रस्ता ओलांडला आणि पलीकडं जाऊन उभे राहिले. रविवार होता, बँक बंद होती. हिरासिंगनं डबा हातात दिला आणि ओरडला, "वैनी म्हणल्या, सभेतलं जेवण कधी मिळंल काय सांगता येतं, उपाशी नका ऱ्हाऊ! मोठ्या लाइनवर घंटी देल्ती म्हणल्या, गावली का?"

डबा गरम होता. तो हातात आल्यावर साहेबांना एकदम सगळं कळलं. मेलो, ते मनात म्हणाले. रस्त्यावरून ट्रकमागून ट्रक जात होते आणि परत ओलांडायची घाई राहिलेली नव्हती. वाईट एवढंच वाटत होतं की चिडावं म्हटलं तर चिडायचं कोणावर? बायकोनं उपाशी राहू नये म्हणून डबा पाठवला, रोजच्यासारखी घंटी दिली. उठलं कोण?

परत आले तेव्हा फिरत्या खुर्चीवर जळबाराव बसले होते, मजेत हेलकावे घेत. समोरची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती.

"या, बसा राठोडसाहेब," ते म्हणाले. त्यांना 'राठोडसाहेब' म्हणून कोणी हाक मारली ती हीच पहिली.

आता केबिनमध्ये हळद आहे. फळ्यांवर पिशव्या रचल्यात, काचेचा तडा तसाच आहे, पितळी पाटी काढायला वेळ झालेला नाही. राठोडांचं टेबल बाहेर, दाराशी. पण मुख्य यंत्र भिंतीतून निघत नाही, आणि बटणांचा फोन त्यालाच जोडलेला. अय्याजनं घण घालून पाहिलं, घणाचा दांडा तुटला. त्यामुळं बाहेरचा प्रत्येक फोन केबिनमध्ये, हळदीपुढं वाजतो, आणि वाजला की सुदाम, दिपा आणि अफरोज तिन्हीकडून एकदम ओरडतात, "ओऽ नेमसिंगभाऊ, फोन वाजून राहिला!" मग ते उठतात, पिशव्या सरकवतात, हळदीनं पिवळा झालेला फोन उचलतात, आणि निम्म्या वेळा तो मिस कॉल असतो.

परवा जळबाराव आले. काचेतून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि राठोडांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाहा, नेमसिंग," ते पिशव्यांकडं बोट करून म्हणाले, "सकाळधरनं बसल्या जागेवरून एक हालली न्हाई."